घोषणा तोंडपाठ आहेत, अर्ज कोण भरणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या गावाला वाईट वाटेल आणि बाकीच्या गावांना उगीच आपण बरे आहोत असं वाटेल.

माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. उघडली तर वरचा थर उंदरांनी कातरलेला. त्याखाली १९५६ नंतरच्या सभांची हँडबिलं, वर्गणीची पावतीपुस्तकं, सत्याग्रहाला गेलेल्यांच्या नावांची एक वही. तळाशी ओल लागून विटेसारखा घट्ट झालेला कागदांचा गठ्ठा. त्यातलं एक पान सोडवायला गेलो तर तुकडा हातात आला. वर कौलातून थेंब थेंब पाणी पडत होतं, अगदी ट्रंकेच्या कोपऱ्यावर.

सचिवकाका म्हणाले, "राहू दे रे बाळ. कोण बघतंय आता ते."

खाली हॉलमध्ये नवाकोरा फ्लेक्स लावलेला होता. बारा फूट बाय आठ फूट. त्यावर पंधरा फोटो. त्या फ्लेक्सच्या पैशात वरची वीस कौलं बदलून झाली असती.

मित्रांनो, राग यायचा तर इथे येऊ दे. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ जूनला हिंडलग्याला जातो, १ नोव्हेंबरला काळे झेंडे घेऊन फेरीत उतरतो. करायलाच पाहिजे, मीही असतो. पण ज्या माणसांच्या नावानं आपण घसा कोरडा करतो, त्यांच्या हातच्या सह्या असलेली वही पावसात भिजते आहे आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, ही गोष्ट मला पचत नाही.

आपली मागणी कशावर उभी आहे? खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. ही चार सूत्रं शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण "इथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे" हे सांगणारी वस्तू कुठली? भाषण नव्हे, फ्लेक्सही नव्हे. ती वस्तू म्हणजे शाळेचा जुना दाखल-खारीज रजिस्टर, पंचायतीचं प्रोसिडिंग बुक, देवस्थानाचा मोडीतला जमाखर्च, वेशीवरचा वीरगळ, तालमीच्या चौकटीवर कोरलेला शक. १९४६ साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. हे आपण अभिमानानं सांगतो. त्या संमेलनाचे पास, निमंत्रणं, फोटो, जेवणावळीचा हिशेब तुमच्या गल्लीत कुणाच्या फडताळात आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी दारोदार जाऊन विचारलंय? मीही विचारलेलं नाही. लिहिताना लाज वाटते आहे.

आता कुणीतरी म्हणणार, "पैसा कुठाय?" इथूनच खरं भांडण सुरू होतं. पैसा आहे, आपण मागत नाही. आणि मागितलाच तर नीट मागत नाही.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. त्यानंतर गावोगाव वाचनालयं निघाली, त्यातली बरीच शंभरीच्या आसपास आहेत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान नावाची केंद्र सरकारची संस्था १९७२ पासून कोलकात्यात आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं, कपाटं, इमारत यांसाठी ती मदत देते. शिवाय ग्रंथालयाला ५०, ६०, ७५, १००, १२५, १५० वर्षं झाली की त्या निमित्तानं मदत देण्याची तिची वेगळी योजना आहे. आपल्याकडे शताब्दी कशी साजरी होते? शाल, श्रीफळ, एक स्मरणिका, त्यात दीडशे जाहिराती आणि पुढाऱ्याचं दोन तासांचं भाषण. अर्ज केला का म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "तसलं काय असतंय काय?" असतंय. अर्ज राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत वर जातो, म्हणजे बंगळूरमार्गे. तिथेच आपला पाय अडतो.

कारण आपल्यातल्या जुन्या मंडळींचा एक ठाम मुद्दा आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, ज्या सरकारविरुद्ध आपण सत्तर वर्षं भांडतोय त्याच्या दारात झोळी घेऊन उभं राहायचं? अनुदान घेतलं म्हणजे हे राज्य आपण मान्य केलं असं होणार नाही का? ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, जेलात गेले, त्यांना असं वाटणं साहजिक आहे.

पण काका, दादा, जरा बघा. लाइटबिल आपण कुणाला भरतो? रेशन कुठलं खातो? शेताचा उतारा कुठल्या कचेरीतून काढतो? दुकानाचा जीएसटी कुठे जातो? कर देताना आपण कर्नाटकाचे आणि मागताना मात्र स्वाभिमानी, हा कुठला हिशेब? अनुदान म्हणजे भीक नव्हे, आपल्याच खिशातून गेलेल्या पैशातला आपला वाटा आहे. आणि घटनेचं कलम २९ (१) काढून वाचा. ज्या नागरिक-गटाची स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे त्याला ती जतन करण्याचा हक्क आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात लिहिलंय. हक्क मागताना मान खाली घालायचं कारण नाही. दावा दावाच्या जागी, अर्ज अर्जाच्या जागी. दावेदार घरात राहतो म्हणून त्यानं छपराची गळती काढायची नाही, असा कायदा कुठेच नाही.

तंजावरकडे बघा. तिथला मराठी माणूस महाराष्ट्रापासून किती लांब! पण सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांसाठी खुलं आहे, तमिळनाडू सरकारच्या पैशावर चालतं आणि तिथे तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं सांभाळलेली आहेत. तमिळ सरकारच्या कपाटात राहिली म्हणून त्यातली एक ओळही तमिळ झाली नाही. आपल्या स्वाभिमानी माळ्यावरची मात्र उंदरांची झाली.

दुसरी जमात मुंबईकडे डोळे लावून बसलेल्यांची. निवडणूक आली की सीमाभागातल्या संस्थांसाठी मदतीची घोषणा होते, पेपरात मथळा येतो, आपण तो स्टेटसला ठेवतो. ८६५ गावं हा आकडा भाषणात न चुकता येतो. घोषणेचा पैसा काही वेळा खरंच येतो, नाही असं नाही. पण तो कुणाला मिळतो? ज्याची कागदपत्रं तयार आहेत त्याला. ज्याची नाहीत तो "आमच्यावर अन्याय झाला" म्हणत बसतो. तिकडेही अर्जच लागतो, बाबांनो. मुंबईत काय नोटांची पोती मराठी भाषा बोलता येते म्हणून देत नाहीत.

तेव्हा कागदपत्रांबद्दल बोलू, कारण घोडं तिथेच पेंड खातं. त्या वाचनालयासाठी आम्ही चार पोरांनी अर्ज करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी कळलं की संस्थेची नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली. सर्टिफिकेट आहे, पण विश्वस्तांच्या यादीत सात नावं आणि सातातले सहा वारलेले. सातवे सचिवकाका. कुणी वारला की बदल अर्ज देऊन नवीन नाव लावायचं असतं, ते कधी झालंच नाही. इमारतीचा सीटीएस उतारा काढला तर जागा अजून देणगी देणाऱ्याच्या आजोबांच्या नावावर, आणि त्यांचे वारस आज अकरा ठिकाणी पांगलेले. ऑडिट? रोजकीर्द व्यवस्थित आहे, काकांनी पै न्‌ पै लिहिलेली आहे, अक्षर मोत्यासारखं. पण सीएची सही असलेला ताळेबंद एकाही वर्षाचा नाही. पॅनकार्ड नाही. बँक खातं आहे, ते दोन मयत माणसांच्या सहीवर.

या अवस्थेत अर्ज केला असता तर कुठल्याही सरकारनं परत पाठवला असता. कन्नड म्हणून नाही, मराठी म्हणून नाही. आणि आपण मोर्चा काढला असता.

केंद्राच्या बहुतेक अनुदानांना नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद लागते. देणगीदाराला करसवलत हवी तर ८०जी, संस्थेला हवी तर १२ए. कंपनीकडे जायचं तर आणखी एक. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात. सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी आणि सार्वजनिक ग्रंथालयं ही दोन्ही कामं नाव घेऊन दिलेली आहेत. उद्यमबागेतली छोटी फौंड्री या मापात बसणार नाही, पण तिचा माल जिथे जातो त्या कंपन्या बसतात. आणि त्या कंपनीत परचेसला, अकाउंट्सला, पुण्यात, बंगळूरला आपलीच पोरं बसलेली आहेत. मात्र एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंद करावी लागते, आणि निदान तीन वर्षं काम केल्याचा पुरावा लागतो. म्हणजे आज कागद सरळ करायला घेतले तर मागायची लायकी यायला वेळ लागणार आहे. म्हणूनच आज.

जुन्या पोथ्या, मोडी रुमाल यांच्यासाठी केंद्र सरकारनं २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं, २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम्‌ नावानं त्याला नवं रूप दिलं. हस्तलिखिताची मिशनची व्याख्या लक्षात ठेवा: हातानं लिहिलेलं, निदान ७५ वर्षं जुनं आणि ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा कलात्मक मोल असलेलं. तुमच्या घरातली पणजोबांची मोडी दप्तरं यात बसू शकतात. भुताखेताचं, करणीचं काही असेल म्हणून ती न उघडता नदीत सोडणारी घरं मला माहीत आहेत.

आंदोलनाचे कागद मात्र एवढे जुने नाहीत. त्यांच्यासाठी बाहेरचे दोन दरवाजे आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरखान्यांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालतो, तो जुन्या काळच्या कागदांसाठी. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयानं २०१८ साली तसाच एक सुरू केला, तो विसाव्या शतकातल्या आणि नंतरच्या साहित्यासाठी. पत्रकं, फोटो, सभांच्या कॅसेटी, सगळं त्यात येऊ शकतं. दोन्हीकडे मूळ कागद जिथले तिथेच राहतात, फक्त डिजिटल प्रत जगाला खुली होते. "कागद बाहेर गेला तर परत येत नाही" ही सचिवकाकांची भीती इथे लागू नाही. अडचण वेगळी आहे. परदेशी पैसा थेट घ्यायला एफसीआरएची नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. गावच्या वाचनालयाला हे झेपणार नाही. मग परवानगी असलेल्या एखाद्या विद्यापीठाला, संशोधन संस्थेला पुढे करून आपण सोबत राहायचं. नियम धाब्यावर बसवून "बघूया काय होतंय" करायचं नाही. आपल्या संस्थांकडे कसल्या भिंगातून बघितलं जातं ते तुम्हाला माहीत आहे.

एवढं सगळं झालं तरी एक धोका उरतो, तो आपणच. पैसा हातात आला की आपण काय करतो? जीर्णोद्धार. हा शब्द ऐकला की मला धडकी भरते. काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं, बुटकं, देखणं देऊळ पाडायचं आणि तिथे स्लॅबचं मंगल कार्यालय उभारायचं. आत ग्रॅनाइट, खांबांना सोनेरी ऑइलपेंट, बाहेर देणगीदारांची संगमरवरी पाटी देवापेक्षा मोठी. जुने कोरीव खांब गटाराच्या कडेला. वीरगळाला शेंदूर फासला तर फासला, वरून निळा डिस्टेंपरही! सिमेंट लावून "मजबुतीकरण" केलेल्या जुन्या भिंती बघा कुठेही. चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचेच पापुद्रे सुटायला लागतात. वरून भिंत कडक दिसते, आतून सडते. हे काम गवंड्याचं नाही, कंत्राटदाराचं तर नाहीच. वारसा-जतन शिकलेला आर्किटेक्ट लागतो, चुना मळता येणारा माणूस लागतो. अनुदान देणारे अंदाजपत्रकाबरोबर नेमकं हेच विचारतात, आणि आपला अर्ज "देवळाला रंगरंगोटी व फरशी, रु. १५ लाख" एवढ्यावर संपतो.

राजहंसगडाचं उदाहरण ताजं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये तिथे शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. एकदा नाही, दोनदा. आधी एका पक्षानं, तीन दिवसांनी दुसऱ्यानं. आपण शुद्धीकरण केलं. महाराजांच्या नावावर मराठी मतांची बोली लागली याचा संताप मलाही आला. पण तेव्हा एकाही व्यासपीठावरून गडाच्या बुरुजांची, पाण्याच्या जागांची, तटबंदीत उगवलेल्या झाडांची मोजदाद कुणी मागितली का? पुतळ्याला मतं मिळतात, बुरुजाला मिळत नाहीत. हे त्यांचं गणित झालं. आपलं गणित वेगळं असायला नको?

आणि आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहिलं तो. वारशाच्या कुठल्याही अर्जात एक जागा अशी असते, जिथे विचारतात: ही वास्तू, हा संग्रह महत्त्वाचा का? पान-दीड पान. तिथे जे लिहिलं जातं ते फाइलला लागतं. पुढे पाटी लिहायची वेळ आली, पुस्तिका काढायची झाली, कुणी पीएचडीवाला आला, की सगळे त्या फाइलीतूनच उचलतात. आपण अर्ज केला नाही म्हणून ते पान कोरं राहत नाही. ते दुसरा कुणीतरी लिहितो. मग दहा वर्षांनी आपण पाटीसमोर उभे राहून ओरडतो, की आमचा इतिहास बदलला. बदलला नाही रे, लिहायची पाळी आपली होती तेव्हा आपण गैरहजर होतो.

ते पान प्रामाणिक लिहायचं, हेही सांगून ठेवतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्टांच्या काळातली, १२०४ सालची, जैन. हलशीची देवळं कदंबांची. शिलालेख जुन्या कन्नडात असेल तर असेल, तो तसाच नोंदवायचा. त्यानं आपलं काही कमी होत नाही. आपल्या गावात कन्नड शिलालेख, मोडी दप्तर, फारसी सनद आणि पोर्तुगिजांशी झालेला व्यापार हे सगळं एकाच वेशीच्या आत सापडतं. ज्याला एकच भाषा ठेवायची आहे त्याला या गोष्टी अडचणीच्या वाटतात. आपल्याला वाटायचं कारण नाही. खोटा इतिहास लिहून मागितलेलं अनुदान एका तपासणीत परत जातं आणि सोबत पुढच्या दहा जणांचं नाक कापून नेतं.

हिशेबाचंही तेच. सरकारी पैसा हप्त्यानं येतो. पहिला हप्ता खर्च झाल्याचं प्रमाणपत्र, ते जीएफआर १२-ए, दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. गणपती मंडळाच्या हिशेबासारखं "किरकोळ खर्च, रु. ४०,०००" तिथे चालत नाही. आपल्याकडे बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली किती पोरं रिकामी आहेत? प्रत्येक जुन्या संस्थेला असा एक पोरगा किंवा पोरगी पाहिजे. भाषण करणारे आहेत, ते पुरे झाले. आणि कन्नड वाचता येणारी पोरं हवीत. होय, मुद्दाम म्हणतोय. शाळेत सक्तीनं शिकवलेलं कन्नड आपल्या वाचनालयाचा उतारा काढायला कामी येऊ दे की! खात्याचं परिपत्रक कन्नडात आलं म्हणून ते न वाचता फाडणं सोपं आहे. वाचून, त्यातल्या तिसऱ्या कलमावर बोट ठेवून, भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांकडे लेखी तक्रार करणं अवघड आहे. साहेबाला झोप लागत नाही ती दुसऱ्यानं.

आमच्या त्या वाचनालयाचं काय झालं? अर्ज अजून गेलेला नाही. सहा मयत विश्वस्तांपैकी चौघांचे मृत्यूदाखले मिळाले. दोघांच्या घरचे म्हणतात, "आमच्या बाबांचं नाव काढणार होय?" त्यांना समजावायला तिसऱ्यांदा जायचं आहे. अकरा वारसांपैकी सात जण सही द्यायला तयार आहेत, एक इचलकरंजीला असतो, एकाचा फोन लागत नाही. सीएनं गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद फी न घेता करून द्यायचं कबूल केलंय, काकांची रोजकीर्द बघून तो म्हणाला, असं अक्षर आता कंपनीतसुद्धा मिळत नाही. ट्रंक खाली आणून कोरड्या खोलीत ठेवली आहे. ओला गठ्ठा आम्ही सोडवायला गेलो नाही, जाणकार येईपर्यंत तसाच. वहीतली नावं मात्र मोबाइलवर पान पान करून टिपून घेतली. १८७ नावं आहेत. त्यातलं एक माझ्या आईच्या आत्याचं. ती सत्याग्रहाला गेली होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. मोडी येणारं कुणी असेल तर फारच बरं. कन्नड टायपिंग येणारी एखादी ताई हवी आहे, आणि कौलं चढवायला दोघे जण. काकांनी चावी द्यायचं कबूल केलंय. छत्री घेऊन या, आत अजून गळतं.